कुत्र्याची जात: डॉक्टरांचा अंदाज की डीएनए चाचणी?

दत्तक घेतलेलं छोटं कुत्रं पॉमेरेनियन, चिवावा की दोन्हींचं मिश्रण, हा पेच पडलाय? पशुवैद्यांचा अंदाज नेहमीच्या तपासणीतच मिळतो. डीएनए चाचणीला वेगळे पैसे आणि काही आठवडे लागतात. अचूकतेत मात्र अंदाज फारच लंगडा. केसांची लांबी, कुरळेपणा, मिशा-भुवया हे बहुतांशी तीनच जनुकांवर ठरतं, म्हणून संकरित पिल्लू भलत्याच जातीचं दिसतं. चाचणीसुद्धा कंपनीकडे कोणत्या जातींचे नमुने आहेत त्यावर अवलंबून. स्वभावासाठी दोन्ही कुचकामी: २०२२च्या मोठ्या अभ्यासात वागण्यातल्या फरकात जातीचा वाटा जेमतेम ९ टक्के निघाला. आहार, लसी, व्यायाम ठरवायला डॉक्टर पुरेत. आनुवंशिक आजाराची शंका असेल तर चाचणी जरूर करा.