स्लीप वाढवायचा, अट तपासत थांबायचं, की घड्याळच खोटं करायचं?

तोच कोड, तीच टेस्ट. सकाळी पास, दुपारी फेल. कुणीतरी म्हणतं, 'परत चालवून बघ.' परत चालवल्यावर हिरवं येतं आणि विषय मिटतो, पण बग तिथेच राहतो. नेटवर्कच्या टेस्टमध्ये हे फार होतं, कारण सर्व्हर आणि क्लायंट यांच्यात आधी कोण तयार होईल हे टेस्ट लिहिणाऱ्याच्या हातात नसतं.

नेहमीचा प्रसंग घ्या. स्क्रिप्ट सर्व्हरला बॅकग्राउंडला सोडते, १ सेकंद स्लीप घेते, म्हणजे नुसती थांबते, आणि क्लायंट चालवते. आपल्या लॅपटॉपवर पोर्ट (सर्व्हर ज्या क्रमांकावर कनेक्शन घेतो तो) लगेच उघडतो. सीआयच्या, म्हणजे टेस्ट आपोआप चालवणाऱ्या, दमलेल्या मशीनवर २ सेकंद लागतात आणि 'कनेक्शन रिफ्युज्ड' येतं. मग स्लीप ५ केला जातो. अशा २०० टेस्ट एकामागोमाग चालल्या तर नुसतं थांबण्यातच १००० सेकंद जातात, आणि सर्व्हरला ६ सेकंद लागले त्या दिवशी टेस्ट पुन्हा लाल. वेळ वाया जातो आणि भरवसाही मिळत नाही. मी हा पर्याय कुणालाच सुचवणार नाही.

अट तपासत थांबणं याहून कितीतरी बरं. दर १०० मिलिसेकंदांनी बघायचं, तयार असेल तर लगेच पुढे जायचं. कमाल मुदत खुशाल ३० सेकंद ठेवा. टेस्ट पास होते तेव्हा ती भरावी लागत नाही. खरा प्रश्न आहे तो काय तपासायचं याचा. बरेच जण कनेक्ट करूनच बघतात. पण सर्व्हर एकच कनेक्शन घेणारा असेल, तर ही चाचपणीच ते खाऊन टाकते आणि खरा क्लायंट बाहेर राहतो. लिनक्स कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याच्या) स्वतःच्या नेटवर्क टेस्टमध्ये यासाठी एक छोटं फंक्शन आहे. ते कनेक्ट करतच नाही. 'प्रॉक'मधल्या, म्हणजे कर्नल आपली माहिती फाइलींसारखी दाखवतं तिथल्या, सॉकेटच्या (कनेक्शनच्या टोकांच्या) यादीत आपला पोर्ट '०ए', म्हणजे लिसन अवस्थेत, दिसतो का एवढंच बघतं. त्या यादीत पोर्ट हेक्समध्ये (१६च्या पायावर) असतात, म्हणून ८०८० शोधायचा तर १एफ९० शोधावं लागतं.

कधी कधी थांबण्याचं कारणच काढून टाकता येतं. इंटरफेसला आयपीव्ही६ ॲड्रेस दिला की तोच ॲड्रेस दुसऱ्या कुणाकडे नाही ना, हे कर्नल साधारण सेकंदभर तपासतं. तेवढ्यात बाइंड केलं, म्हणजे सर्व्हरने तो ॲड्रेस धरायला बघितलं, तर 'कॅनॉट असाइन रिक्वेस्टेड ॲड्रेस'. या एररपायी मी सर्व्हरचे लॉग उगाच चाळत बसलो होतो. ॲड्रेस देतानाच 'नोडॅड' (ही तपासणी नको) लिहिलं की प्रश्न संपला. तसंच ठरावीक पोर्टऐवजी ० मागा. कर्नल मोकळा पोर्ट देतं.

टायमर तुमच्याच कोडमधले असतील, म्हणजे टाइमआउट, हार्टबीट (जिवंत असल्याचे ठरावीक संदेश), ३० सेकंदांनी पुन्हा प्रयत्न, तर खोटं घड्याळच हवं, म्हणजे कोडला खऱ्या वेळेऐवजी टेस्टमधली वेळ दाखवणारं. गो भाषेच्या १.२५ आवृत्तीत (ऑगस्ट २०२५) 'सिंकटेस्ट' पॅकेज कायमचं दाखल झालं. त्यातलं घड्याळ १ जानेवारी २००० पासून सुरू होतं आणि सगळे गोरुटीन (गोमधली समांतर चालणारी कामं) अडकले की थेट पुढच्या टायमरवर उडी मारतं. ३० सेकंदांची टेस्ट क्षणात होते. मेख एकच: खऱ्या सॉकेटवर वाचत बसलेला गोरुटीन अडकलेला धरला जात नाही, त्यामुळे घड्याळ हलत नाही. तिथे खऱ्या सॉकेटऐवजी मेमरीतला पाइप द्यावा लागतो. रस्ट भाषेच्या टोकिओ या लायब्ररीत नेमकं उलटं होतं. घड्याळ थांबवलेलं असताना खऱ्या सॉकेटची वाट बघितली, तर रनटाइमला वाटतं काम उरलं नाही. ते घड्याळ पुढे ढकलतं आणि डेटा येण्याआधीच टाइमआउट वाजतो. म्हणून वेगळी प्रोसेस आणि खरं सॉकेट असेल तिथे अट तपासा, खोट्या घड्याळाच्या वाटेला जाऊ नका. जुन्या कोडमध्ये कनेक्शन बाहेरून देता येत नसेल, तर ते देता यावं यासाठीची फेररचना प्रोटोकॉलच्या कोडसाठी करण्याजोगी आहे, चार ओळींच्या स्क्रिप्टसाठी नाही.

फेल झालेली टेस्ट आपोआप तीनदा चालवण्याची सोय मात्र मला भीतीदायक वाटते. दहात एकदा फेल होणारी टेस्ट तिन्ही वेळा फेल होण्याची शक्यता हजारात एक. बग टेस्टमध्ये नसून प्रॉडक्टमध्ये असेल, तर तो दहात एका ग्राहकाला छळत राहील आणि रिपोर्ट हिरवाच दिसेल.

काहीही निवडा, आधी बिघाड हमखास घडवून आणा. लिनक्सच्या 'टीसी नेटेम' कमांडने लूपबॅकवर (मशीनच्या स्वतःशीच असलेल्या जोडणीवर) २०० मिलिसेकंदांचा उशीर घाला, सगळे कोअर कामाला जुंपा आणि टेस्ट ५०० वेळा चालवा. दुरुस्तीनंतर त्याच ओझ्याखाली पुन्हा ५०० वेळा.