टोकियो की हाँगकाँग? मिकी एकच, मालक दोन

मुलांनी ‘डिस्नीलँड’ म्हटलं की घरात आधी खर्चाचा हिशेब सुरू होतो. त्या हिशेबात अमेरिका आणि पॅरिस गळतात आणि मागे टोकियो आणि हाँगकाँग उरतात. (शांघाय मी मुद्दाम बाजूला ठेवतोय, दोघांतच पुरेसा गोंधळ आहे.) मग यूट्यूब उघडतं. किल्ल्यासमोरचे फटाके दोन्हीकडे सारखेच दिसतात, आणि शेवटी गाडी ‘जिथलं विमान स्वस्त तिथे’ यावर येऊन थांबते. माझं म्हणणं, किल्ला बघू नका, मालक बघा. दारावरचं नाव एकच असलं तरी आत लागलेला पैसा वेगवेगळ्या खिशांतला आहे, आणि तुमचा दिवस कसा जाणार हे बरंचसं त्या खिशावर ठरतं.

टोकियो डिस्नीलँड मुळात टोकियोत नाही. शेजारच्या चिबा प्रांतातल्या उरायासूला, समुद्रात भराव टाकून केलेल्या जमिनीवर ते उभं आहे. टोकियो स्टेशनवरून केइयो लाइनची लोकल पकडली की पंधरा-वीस मिनिटांत तिथलं माइहामा स्टेशन येतं. आणि खरी गंमत म्हणजे ते डिस्नीचंही नाही. मालक आहे ओरिएंटल लँड ही 1960 साली स्थापन झालेली जपानी कंपनी. तिच्यामागे केइसेइ रेल्वे आणि मित्सुई फुदोसान ही मातब्बर नावं. 15 एप्रिल 1983 ला दारं उघडली तेव्हा डिस्नीने स्वतःचा पैसा जवळपास घातलाच नव्हता. नाव द्यायचं, पात्रं द्यायची, आराखडे द्यायचे आणि रॉयल्टी घ्यायची: तिकिटांवर साधारण 10 टक्के, खाण्यापिण्यावर आणि वस्तूंवर साधारण 5 टक्के. बाग तुफान चालली आणि डिस्नीवाले हात चोळत राहिले. ती चुटपुट भरून काढायला 1992 साली पॅरिसमध्ये त्यांनी 49 टक्के वाटा घेतला, आणि नेमकी तीच बाग सुरुवातीपासून कर्जात रुतली.

यात आपल्याला काय? तर ओरिएंटल लँडचं पोट जवळजवळ सगळं याच एका जागेवर चालतं. लोक परत आले नाहीत तर दुसरीकडून भरून काढायची सोय नाही, म्हणून ती कंपनी इथे सढळ हाताने खर्च करते. 4 सप्टेंबर 2001 ला त्यांनी शेजारीच ‘टोकियो डिस्नीसी’ ही दुसरी बाग उघडली. मधोमध ज्वालामुखी, भोवती बंदरं, आणि बरेचसे खेळ जगात दुसरीकडे नाहीत असे. 2024 च्या जूनमध्ये तिच्यात ‘फँटसी स्प्रिंग्स’ या नव्या विभागाची भर पडली, त्यावर सुमारे 320 अब्ज येन खर्च झाले. डिस्नीचे जुने चाहतेही डिस्नीसीला सगळ्या डिस्नी बागांत वरचं स्थान देतात. मला ते पटतं.

तिथल्या कर्मचाऱ्यांबद्दल एकच गोष्ट सांगतो. 11 मार्च 2011 च्या भूकंपाच्या वेळी दोन्ही बागांत मिळून सुमारे 70 हजार माणसं होती. डोक्याला काही लागू नये म्हणून दुकानांतल्या कर्मचाऱ्यांनी विक्रीची मऊ खेळणी लोकांच्या हाती दिली. वरून हुकूम येण्याची वाट कोणी पाहिली नाही.

हाँगकाँगची जन्मकथा अगदी वेगळी आहे. 1997 च्या आशियाई आर्थिक संकटात होरपळलेल्या सरकारला पर्यटक हवे होते. 1999 साली करार झाला आणि 12 सप्टेंबर 2005 ला लांताऊ बेटावरच्या पेनीज बे इथे बाग सुरू झाली. सुरुवातीला सरकारचा वाटा 57 टक्के आणि डिस्नीचा 43. आता सरकारचा निम्म्याहून थोडाच जास्त आहे. म्हणजे बहुतांश मालक तिथला करदाता, आणि डिस्नी मात्र भागीदारही, व्यवस्थापकही आणि रॉयल्टी घेणारीही. साहजिकच विधिमंडळात दर वर्षी या बागेच्या ताळेबंदाची चिरफाड होते. पहिला नफा दिसायला 2012 उजाडलं, आणि पुढे पुन्हा कित्येक वर्षं तोटाच. अशा घरात नवीन खोली काढायची तर आधी घरच्यांची समजूत घालावी लागते. म्हणून ही बाग हप्त्याहप्त्याने वाढली. सुरुवातीला ती इतकी छोटी होती की लोक अर्ध्या दिवसात बाहेर पडायचे.

स्थानिकांपुढे ब्रँड कसा वाकतो हेही इथे बघायला मिळतं. फेंगशुईच्या सल्ल्याने प्रवेशद्वाराची दिशा 12 अंशांनी फिरवली. उद्घाटनाच्या आधी लग्नाच्या मेजवानीत शार्कच्या परांचं सूप ठेवलं होतं, पर्यावरणवाद्यांनी ओरड केल्यावर ते काढलं. आधीचा किल्ला कॅलिफोर्नियाच्या किल्ल्याची नक्कल होता, तो 2020 मध्ये वाढवून स्वतंत्र चेहऱ्याचा केला.

आता पैशांकडे वळू, कारण इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. जपान महाग हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. पण टोकियोचं एका दिवसाचं प्रौढ तिकीट तारखेनुसार 7,900 ते 10,900 येन, म्हणजे येन सध्यासारखा पडलेला असेल तर साधारण साडेचार ते साडेसहा हजार रुपये. हाँगकाँगचं तिकीट साडेसहाशे हाँगकाँग डॉलरच्या पुढेच सुरू होतं, म्हणजे सात हजार रुपयांच्या वर. लहान बाग, मोठं तिकीट! मात्र टोकियोला दोन बागा आहेत, दोन दिवस लागतात, आणि दोन दिवसांची तिकिटं धरली की हिशेब पुन्हा उलटतो. मूल तीन वर्षांचं असेल तर टोकियोत फुकट, हाँगकाँगला तिसऱ्या वर्षापासून तिकीट. जपानला व्हिसा लागतो. हाँगकाँगला भारतीयांनी आधी ऑनलाइन नोंदणी केली की 14 दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय राहता येतं.

गर्दीत मात्र हाँगकाँग सरळ जिंकतं. 2023 मध्ये तिथे सुमारे 64 लाख लोक गेले, टोकियोच्या दोन बागांत सुमारे पावणेतीन कोटी. टोकियोत परेडसाठी लोक तासभर आधी चटया टाकून जागा धरतात. पंढरीची दर्शनबारी पाहिलेल्या माणसाला यात नवल वाटू नये, पण पाच वर्षांच्या मुलाला वाटतं. नुसत्या पॉपकॉर्नला रांग असते, कारण प्रत्येक गाडीवर चव वेगळी आणि पॉपकॉर्नचा डबा गळ्यात अडकवून मिरवायचा. हे डबे आणि डफी नावाचं अस्वल म्हणजे ओरिएंटल लँडच्या धंद्याचा उत्तम नमुना. डफीचा एकही सिनेमा आलेला नाही. फ्लोरिडात पडून राहिलेलं एक बाहुलं टोकियोवाल्यांनी 2005 साली नाव आणि गोष्ट देऊन उभं केलं, आणि आता हाँगकाँगही त्याच्यावर कमावतं. खरेदीचं वेगळं बजेट ठेवा, इतकंच सांगतो.

आवडीनिवडींचं उत्तर सोपं आहे. मुलगा आयर्न मॅनच्या मागे असेल तर हाँगकाँग. मार्व्हलचे खेळ तिथे आहेत, टोकियोत नाहीत. मुलगी एल्साची भक्त असेल तर दोन्हीकडे सोय आहे: हाँगकाँगमध्ये नोव्हेंबर 2023 पासून ‘फ्रोझन’चं अख्खं गाव, टोकियोत फँटसी स्प्रिंग्समधली नावेची सफर. फक्त टोकियोतली पात्रं जपानीत बोलतात आणि गातात. मुलांना गाणी इंग्रजीत पाठ असतील तर त्यांचा चेहरा जरा पडतो. हाँगकाँगला इंग्रजी सर्रास चालतं.

शाकाहारी मंडळींनी टोकियोत जपून राहावं, कारण साध्या दिसणाऱ्या सूपमध्येही माशाचा अर्क असू शकतो, आणि घरून नेलेला डबा आत चालत नाही. प्रवेशद्वाराबाहेर बसून खायची जागा ठेवलेली आहे, तिथे थेपले उरकून आत जावं. हाँगकाँगमध्ये हलाल-प्रमाणित उपाहारगृह आहे, पण हलाल म्हणजे शाकाहारी नव्हे, हे आजीला आधीच सांगून ठेवा.

मुलं सहा वर्षांच्या आतली, सोबत आजी-आजोबा, हातात चार-पाच दिवस: हाँगकाँग. विमानतळ लांताऊ बेटाला लागूनच आहे, सनी बे स्टेशनहून मिकीच्या आकाराच्या खिडक्यांची मेट्रो थेट दारात सोडते, आणि एका दिवसात सगळं आवरतं. पण मुलं आठ-दहा वर्षांची असतील आणि आयुष्यात डिस्नी एकदाच करायचं असेल तर टोकियो, आणि दिवस एकच मिळणार असेल तर किल्ल्याचा मोह सोडून डिस्नीसी. हाँगकाँग हे सहलीतलं एक ठिकाण आहे. टोकियोसाठी मी अख्खी सहल आखेन.

आखाती देशांत नातेवाईक असलेल्यांसाठी तिसरा पर्यायही दिसू लागलाय. मे 2025 मध्ये अबुधाबीच्या यास बेटावर डिस्नी बाग जाहीर झाली, पैसा मिराल या तिथल्याच कंपनीचा, म्हणजे पुन्हा टोकियोचाच नमुना. पण त्याला अजून बरीच वर्षं आहेत, आणि तोवर तुमची मुलं मिकीला ओळख देतील की नाही सांगता येत नाही.

तारखा ठरवताना एक बघा. मे महिन्याच्या सुट्टीत टोकियोला जाणार असाल तर 29 एप्रिल ते 5 मे हा आठवडा टाळा, अख्खा जपान तेव्हा सुट्टीवर असतो. हाँगकाँगला ऑक्टोबरचा पहिला आठवडा टाळा, तेव्हा चीनची राष्ट्रीय सुट्टी असते. दिवाळीची सुट्टी मात्र दोन्हीकडे बरी, हवाही आणि गर्दीही.