स्प्रिंग बूटची ‘क्लाउडप्लॅटफॉर्म’ सुविधा : जुन्या सेवांच्या स्थलांतरात आलेला अनुभव

वेबलॉजिक या ओरॅकलच्या ॲप्लिकेशन सर्व्हरवर अनेक वर्षे चाललेल्या आमच्या सोप (एक्सएमएल संदेशांवर चालणाऱ्या) वेब सेवा स्प्रिंग बूट या जावा फ्रेमवर्कवर आणून कुबरनेटिसमध्ये, म्हणजे कंटेनर चालवणाऱ्या व्यवस्थेत, हलवताना सर्वाधिक वेळ गेला तो ‘आपण कोणत्या सर्व्हरवर चाललो आहोत’ हे ठरवणाऱ्या, कोडभर विखुरलेल्या ओळी शोधण्यात. कुठे वेबलॉजिकचा एखादा क्लास लोड होतो का हे पाहिले जाई, तर कुठे होस्टनेममधील अक्षरांवरून चाचणीचा आणि प्रॉडक्शनचा सर्व्हर ओळखला जाई. कुबरनेटिसच्या डिप्लॉयमेंटमधील पॉड (सेवा चालवणारा कंटेनरचा संच) नव्याने उभा राहिला की त्याचे होस्टनेम बदलते, त्यामुळे ही दुसरी युक्ती पहिल्याच दिवशी निकामी झाली. ‘कॅटॅलिना डॉट होम’ ही सिस्टिम प्रॉपर्टी सापडली की वेगळा बसवलेला टॉमकॅट (जावाचा वेब सर्व्हर) आहे असे मानणारी अटही चुकली, कारण सेवेच्या जार फाइलमध्येच असलेला टॉमकॅट ती प्रॉपर्टी स्वतःच भरतो.

या सगळ्याच्या जागी आम्ही स्प्रिंग बूटचीच ‘क्लाउडप्लॅटफॉर्म’ ही ओळख-व्यवस्था वापरली. ती क्लाउड फाउंड्री, हेरोकू, कुबरनेटिस असे मंच (सेवा जिथे चालते ते प्लॅटफॉर्म) एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलवरून ओळखते. कुबरनेटिसची भर नंतरच्या आवृत्तीत पडली. कुबरनेटिस ओळखले गेले की लाइव्हनेस (सेवा जिवंत आहे का) आणि रेडिनेस (ती विनंत्या घ्यायला तयार आहे का) या तपासण्या ॲक्च्युएटर या देखरेखीच्या भागात आपोआप उपलब्ध होतात आणि पुढच्या प्रॉक्सीने पाठवलेली फॉरवर्डेड हेडर (मूळ विनंतीचा पत्ता व प्रोटोकॉल सांगणारी) मानली जातात. आम्हाला खरा लाभ या दुसऱ्या गोष्टीचा झाला: टीएलएस एन्क्रिप्शन इन्ग्रेसवरच, म्हणजे क्लस्टरच्या प्रवेशद्वारावरच, संपत असूनही डब्ल्यूएसडीएलमधील (सोप सेवेचे वर्णन करणाऱ्या फाइलमधील) पत्ता एचटीटीपीएसचा येऊ लागला, आणि तो पत्ता सर्व्हर ओळखून हाताने जुळवणारा जुना क्लास आम्ही समाधानाने काढून टाकला.

मात्र या ओळखीवर डोळे झाकून विसंबू नये. कुबरनेटिसची ठरलेली दोन व्हेरिएबल सापडली नाहीत, तर ‘सर्व्हिस होस्ट’ आणि ‘सर्व्हिस पोर्ट’ अशा शेवटांची कोणतीही जोडी पुरेशी मानली जाते. आमची एक सेवा अजून साध्या व्हर्च्युअल मशीनवरच होती आणि शेजारच्या बिलिंग प्रणालीचा पत्ता तिला नेमक्या अशाच नावांच्या जोडीतून दिला जात होता. ती सेवा स्वतःला कुबरनेटिसमध्ये समजू लागली, आणि ॲक्च्युएटरच्या हेल्थ तपासणीच्या उत्तरात लाइव्हनेस-रेडिनेसचे अनपेक्षित गट का दिसतात हे उलगडायला आमचा पूर्ण दिवस गेला. उपाय एका ओळीचा आहे: ‘स्प्रिंग डॉट मेन डॉट क्लाउड-प्लॅटफॉर्म’ या प्रॉपर्टीला ‘नन’ (none, म्हणजे कोणताही मंच नाही) ही किंमत द्यावी. चुकीच्या ओळखीसाठीच ही किंमत ठेवल्याचे कोडमधील टिपणात म्हटले आहे. पण स्थलांतर अर्धवट असलेल्या संघांना ही सूचना मार्गदर्शिकेच्या सुरुवातीलाच ठळकपणे मिळायला हवी, असे मला मनापासून वाटते.

ही सुविधा मंच सांगते. चाचणी की प्रॉडक्शन, हे सांगत नाही. त्यासाठी डिप्लॉयमेंटच्या फाइलमधूनच प्रोफाइल (त्या वातावरणाच्या सेटिंगच्या संचाचे नाव) स्पष्टपणे द्यावे. ज्यांच्या सेवा अजून वॉर फाइल म्हणून बाहेरच्या सर्व्हरवर चालतात, त्यांना सर्व्लेट कॉन्टेक्स्टमधून (सर्व्हरने ॲप्लिकेशनला दिलेल्या ऑब्जेक्टमधून) सर्व्हरचे नाव व आवृत्ती मिळते. परंतु टॉमकॅटमध्ये हा मजकूर सुरक्षेसाठी अनेकदा बदललेला असतो, म्हणून त्यावर कोणतीही अट बेतू नये. आम्ही तो केवळ लॉगमध्ये ठेवतो: सेवा सुरू होताच मंच, प्रोफाइल आणि सर्व्हर एकाच ओळीत छापले जातात, आणि रात्री तक्रार आली की सपोर्टची मंडळी आधी ती ओळ पाहतात.