इंदिरानगरच्या काकूंचा स्वयंपाक वर्ग: एक वर्ष जर्मनीत वापरून बघितल्यावर

वर्ग संपला त्या दिवशी काकू म्हणाल्या होत्या, "काय चांगलं-वाईट वाटलं ते लिहा रे कुठंतरी." बाकीच्या चौघांनी घरी पोचायच्या आत पाच-पाच तारे देऊन टाकले. मी म्हटलं, आधी तिकडे जाऊन शिजवून बघतो, मग लिहितो. त्याला वर्ष होऊन गेलं. आता सुट्टीला नाशिकला आलोय, आई स्वयंपाकघरात पाऊल ठेवू देत नाही, तर बसल्या बसल्या हे एकदाचं उरकतो.

परदेशी शिकायला निघालेल्या मुलामुलींसाठी हा आठ दिवसांचा वर्ग आहे. इंदिरानगरला, जॉगिंग ट्रॅकपासून चालत पाच मिनिटांवर, काकूंच्या राहत्या घरात. बाहेर पाटी नाही, ओळखीतून ओळखीत पत्ता कळतो. सकाळी नऊ ते बारा. तुकडी पाच जणांची, कारण ओट्याशी तेवढेच मावतात. फी ३५०० रुपये. सामान त्यांचं, सुरी आणि डबा आपला. आमच्या तुकडीत दोघं कॅनडाला निघालेले, पंचवटीची एक मुलगी आयर्लंडला, आणि सिन्नरचा एक जण माझ्यासारखाच जर्मनीला. हे ऑगस्ट २०२४ मधलं.

मी मेकॅनिकलच्या मास्टर्ससाठी चेम्नित्सला गेलो. सॅक्सनीतलं गाव. १९५३ ते १९९० ह्या काळात त्याचं नाव कार्ल मार्क्स श्टाट होतं आणि अजूनही भर रस्त्यावर मार्क्सचं नुसतं डोकं बसवलेलं आहे, सात मीटर उंच. जायच्या आधी मला गावाबद्दल एवढंच माहीत होतं. तिथं जेवायचं काय, हे कन्सल्टन्सीवाल्यांनी, यूट्यूबवाल्यांनी, कुणीच सांगितलं नव्हतं.

पहिल्या दिवशी मी वही-पेन काढलं. काकूंनी वही माझ्या हातातून घेतली आणि फ्रीजवर ठेवून दिली. "दोन वाट्या पाणी असं लिहून घेशील. तिकडं वाटी कुठली असेल रे बाळा?" तेव्हा राग आला होता. पैसे भरून आलोय आणि बाई रेसिपीच देत नाही! तांदळात पाणी किती, तर बोटाच्या पहिल्या पेरापर्यंत. मीठ किती, तर पाणी चाखून बघ. कणकेत पाणी किती, तर कणीक सांगेल. कॅनडावाल्यांपैकी एकानं चोरून मोबाइलवर रेकॉर्डिंग केलं. त्याच्या रेकॉर्डिंगमध्ये तीन तास कढई आणि काकूंचा आवाज आहे, "बघ, वास बदलला की नाही?" वास काही मोबाइलमध्ये येत नाही.

त्या वहीचं महत्त्व मला चेम्नित्सच्या पहिल्या शनिवारी कळलं. वसतिगृहात सहा जणांत एक स्वयंपाकघर, वाटी नाही, माप नाही, सामायिक कपाटात तीन वेगवेगळ्या आकाराचे मग. दुकानात तांदूळ म्हणून जे उचललं ते घरी येऊन फोडलं तर आत भोकं पाडलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या निघाल्या, प्रत्येकीत सव्वाशे ग्रॅम तांदूळ. पिशवीसकट उकळत्या पाण्यात सोडायचे म्हणे. मी पिशवी कापली, तांदूळ पातेल्यात ओतले, बोट बुडवलं, पेरापर्यंत पाणी घातलं. भात झाला. खिडकीबाहेर पाऊस होता आणि मी एकटाच हसत होतो.

दुसऱ्या दिवशी रविवार. जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात. मी हे वाचलं होतं, पण 'बंद' म्हणजे आपल्याकडं जसं एक शटर अर्धं उघडं असतं तसं असेल असं गृहीत धरलं होतं. नसतं. मेन्साही बंद. मेन्सा म्हणजे विद्यापीठाची खानावळ. कपाटात उरलेले तांदूळ आणि बॅगेतली मुगाची डाळ, हळद, हिंग. चौथ्या दिवशी काकूंनी कुकरशिवाय खिचडी करून घेतली होती. पाचही जण कुरकुरलो होतो, कुकर आहे ना घरात, मग कशाला? "कुकर बॅगेत बसला नाही तर?" एवढंच उत्तर. माझा कुकर बॅगेत बसला होता, पण झाकणाची रिंग ओट्यावर आईच्या चहाच्या गाळणीशेजारी राहिली होती. त्या रविवारी दोन्ही वेळा खिचडीच खाल्ली.

तर ह्या वर्गाचं खरं मोल तिथं आहे. काकू पदार्थ थोडेच शिकवतात, अंदाज शिकवतात. अंदाज गाव बदललं तरी चालतो. जर्मनीत गव्हाच्या पिठाच्या पुड्यावर आकडे असतात: ४०५, ५५०, १०५०. शंभर ग्रॅम पीठ जाळलं तर किती मिलिग्रॅम राख उरते त्यावरून तो आकडा पडतो. आकडा जेवढा मोठा तेवढा कोंडा जास्त. ४०५ म्हणजे आपला मैदाच. आधी त्याच्या पोळ्या केल्या, थंड झाल्यावर चपलेला तळ म्हणून लावता आल्या असत्या. मग १०५० मध्ये निम्मं फोलकोर्न, म्हणजे सगळ्या कोंड्यासकटचं पीठ, मिसळलं आणि कणीक 'सांगेल' तेवढं पाणी घालत गेलो. तिनं खरंच सांगितलं. अर्धा तास झाकून ठेवली, मऊ पोळी झाली. गोल मात्र अजून होत नाही. शेजारच्या खोलीतला व्हिएतनामी मुलगा प्रत्येक पोळीला एकेका देशाचं नाव देतो.

डाळींचंही तसंच. तूरडाळ भारतीय किंवा आशियाई दुकानातच मिळते, पण मसूरडाळ साध्या सुपरमार्केटात असते आणि पंधरा मिनिटांत शिजते. काकूंनी मसुरीचं नावसुद्धा काढलं नव्हतं. पण तुरीच्या आमटीचाच हात मसुरीवर चालवला.

आता तक्रारी. पहिली आणि मोठी: काकू गॅसवर शिकवतात. तिकडे वसतिगृहांत बहुतेक विजेच्या शेगड्या असतात, लोखंडी चकतीच्या नाहीतर काचेच्या. गॅस बंद केला की आच गेली. चकती बंद केली तरी ती पाच-दहा मिनिटं तापलेलीच राहते. पहिल्या आठवड्यात माझी मोहरी तडतडली, मी बटण फिरवलं, हळद घातली, आणि हळद डोळ्यांदेखत काळी झाली. हिंग जळला, लसूण जळला. तिखटाचा धूर असा उठला की माझी जर्मन शेजारीण खोकत खोकत आली, काही बोलली नाही, दोन्ही खिडक्या सताड उघडल्या आणि उभी राहिली. ह्याला ते लोक लुफ्टन म्हणतात, खोलीला वारा देणं. घरभाड्याच्या करारातही त्याचा उल्लेख असतो. जानेवारीत, बाहेर उणे सहा असताना, फोडणीपायी सहा जणांना कुडकुडवलं की माणूस लवकर सुधारतो. उपाय साधा आहे: आच कमी करायची नाही, कढईच उचलायची आणि शेजारच्या गार चकतीवर ठेवायची. हे शोधायला मला दोन महिने लागले. वर्गात पाच मिनिटांत सांगता आलं असतं. फुलकेही विसरा. जाळ नाही, तव्यावरच फडक्यानं दाबून जे फुगतील ते आपले.

दुसरी तक्रार त्यांच्या यादीची. शेवटच्या दिवशी 'सोबत काय न्यायचं' अशी छापील यादी मिळते, आणि ती जुनी आहे. त्यात घरचं तूप आहे, खव्याच्या पोळ्या आहेत, ताजा कढीपत्ता आहे, खोबऱ्याच्या वाट्या आहेत. युरोपीय महासंघात बाहेरच्या देशातून येताना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानात चालत नाहीत. ताजी पानं-भाजी न्यायची तर रोगकीड नसल्याचा सरकारी दाखला लागतो. त्यातून सुटलेली फळं पाचच: अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन. त्यातला नारळ सुटतो, पण त्याचंच सुकं अख्खं खोबरं इकडे विमानातच चढू देत नाहीत, त्यातल्या तेलामुळे पेट घेऊ शकतं म्हणून. माझ्या दोन वाट्या विमानतळावरच राहिल्या. तूप आईनं आधीच काढून ठेवलं होतं, तिनं कुठंतरी वाचलं होतं. काकूंनी नव्हतं.

पण तुपाच्या बाबतीत गंमत अशी की सहाव्या दिवशी त्यांनी लोणी कढवायला शिकवलं होतं. तिकडे बिनमिठाचं लोणी २५० ग्रॅमच्या वडीत मिळतं, त्यात ८२ टक्के स्निग्धांश. मंद चकतीवर कढवलं की साधारण दोनशे ग्रॅम तूप निघतं. तयार बटरश्माल्त्सही, म्हणजे तिकडचं तूप, मिळतं, पण त्याला तो वास नाही. पंधरा दिवसांतून एका रविवारी मी तूप कढवतो. खोकणारी शेजारीण त्या दिवशी मात्र आपणहून स्वयंपाकघरात येऊन बसते. बेरी तिला साखर घालून दिली तर तिनं तिचं जर्मन नाव विचारलं. मला सुचलं नाही.

तिसरी तक्रार: अंडं नाही. काकू शुद्ध शाकाहारी, त्यांच्या घरी अंडं येणार नाही, हे मान्य. पण मग पुरणपोळीवर अख्खा एक दिवस कशाला? वर्षभरात मी पुरणपोळी शून्य वेळा केली आणि अंडाभुर्जी मोजता येणार नाही इतक्या वेळा. बाजरीच्या भाकरीचा दिवसही तसाच वाया गेला. भाकरी माझ्याच्यानं इथंही थापली गेली नाही. मिसळ शिकवा म्हणून आम्ही पाचही जण मागं लागलो होतो, तर काकू म्हणाल्या, "नाशकात राहून मिसळ घरी करतात का? रविवारी जा आणि खाऊन या." तिकडे रविवारी कुठं जाऊ, काकू? शेवटी मटकीला मोड आणायला हीटरवर तीन दिवस फडकं ठेवलं, काळा मसाला आईचा, फरसाण बॅगेतलं, पाव म्हणून कडक ब्रोट्शेन. रस्सा जमला. पाव दातांशी भांडला.

पैशांचा हिशेब ज्यांना हवा त्यांच्यासाठी. मी व्हिसाचा अर्ज केला तेव्हा ब्लॉक्ड अकाउंटमधून (व्हिसासाठी आपलेच पैसे आधी भरून ठेवायचे ते खातं) महिन्याला ९३४ युरो मिळायचे (सप्टेंबर २०२४ पासूनच्या अर्जांना ९९२). त्यातून भाडं, विमा, सगळं. ३५०० रुपये म्हणजे तेव्हाच्या भावानं ३८ युरो. मेन्सात तीन-सव्वातीन युरोला जेवण धरलं तर बारा जेवणांत फी वसूल. मी ती ऑक्टोबरातच वसूल केली. माझ्या मजल्यावरचा हैदराबादचा एक मुलगा पहिल्या सेमिस्टरला रोज गोठवलेला पिझ्झा खायचा. त्याला मी बोट बुडवून भात शिकवला. तो आता माझ्यापेक्षा बरा करतो, आणि हे लिहिताना मला थोडं लागतंय.

मार्चमध्ये एकदा सुपरमार्केटात द्राक्षांचे डबे दिसले, अर्धा किलोचे, पांढरी बिनबियांची. लेबलवर मूळ देश: भारत. मामाची निफाडला बाग आहे, त्याचाही माल निर्यातदाराकडं जातो. मी डबा उलटासुलटा करून कुठं नाशिक लिहिलंय का बघत राहिलो. नव्हतं. तरी घेतला. मामाला फोटो पाठवला तर त्यानं मण्याचा आकार बघून "हे आपले नाहीत, आपला मणी मोठा" असं कळवलं.

गेल्या आठवड्यात काकूंकडं जाऊन आलो. शेगडीचं सांगायचंच होतं. जाताना भद्रकालीतून विजेची चकतीवाली शेगडी विकत घेऊन गेलो, कारण तोंडी सांगून त्यांना पटणार नाही हे माहीत होतं. आतून नवीन तुकडी बघत होती, पाच जण, एकाच्या हातात वही. काकूंनी चकती पेटवली, तेल तापवलं, मोहरी टाकली, सवयीनं बटण बंद केलं, आणि जिरं जळलं. दोन मिनिटं त्या नुसत्या चकतीकडं बघत होत्या. मग पदरानं कढई उचलून बाजूला ठेवली, पुन्हा तेल घातलं, आणि दुसऱ्या खेपेला बरोबर जमवलं. मला दोन महिने लागले होते.

शेगडी त्यांनी ठेवून घेतली, पैसे मोजून दिले, घेतल्याशिवाय जाऊ दिलं नाही. आता तिसरा दिवस चकतीवरच असणार म्हणाल्या. यादी आयर्लंडवाली मुलगी नवीन लिहून देणार आहे. अंड्याबद्दल मी विषय काढला, त्यांनी ऐकूच आलं नाही असं केलं.

पाचपैकी साडेतीन देणार होतो, शेगडीमुळं चार. दुपारी चारच्या आत फोन करू नका, उचलत नाहीत. जून-जुलैत तुकड्या भरतात, म्हणून प्रवेशपत्र आलं की लगेच विचारून ठेवा. सुरी धारेची न्या. आणि वही नेलीत तरी चालेल, फ्रीजवर जागा आहे.

त्या दिवशीचं जेवण काकूंनी मलाच करायला लावलं, नव्या तुकडीला दाखवायला म्हणून. सगळे पोटभर जेवले. काकू ताट उचलता उचलता म्हणाल्या, "भात जरा गुरगुट्या झालाय रे. बोट मोठं झालं का तुझं?"