नवी कॉन्सर्टिना आणि तिच्या पोटातली भणभण

आधी निकाल सांगते, कारण निम्मे लोक परीक्षणात तारेच शोधतात: पाचपैकी साडेतीन. खोकं उघडलं त्या संध्याकाळी दीडच दिला असता. मधले दोन तारे मी स्वतः स्क्रूड्रायव्हर हातात घेऊन कमावलेत, तेव्हा विकणाऱ्याने त्यावर फार खूश होऊ नये.

वाद्य म्हणजे ३० बटणांची अँग्लो कॉन्सर्टिना. षटकोनी, सी आणि जी सुरांची, 'नवशिक्यांसाठी' म्हणून विकली जाणारी. दोन्ही हातांना तीन ओळींत पाच-पाच बटणं, शिवाय उजव्या अंगठ्याशी नुसती हवा सोडायचं एक. ज्यांना पेटी माहीत आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: भाता आहे, सूर तसेच धातूच्या जिभेचे आहेत, फक्त भाता दाबताना बटणावर एक स्वर येतो आणि ओढताना त्याच बटणावर दुसरा. म्हणजे ३० बटणांमागे ६० जिभा. हा हिशेब लक्षात ठेवा, पुढे चोर यानेच पकडला गेला.

मी लहानपणापासून पेटी वाजवते. फार भारी नाही, कुणी गात असेल तर साथ करण्यापुरती. पोटापाण्याचं काम ध्वनिमुद्रणं ऐकून ती शब्दांत उतरवायचं. त्यामुळे कानाला खोड लागलीय. बोलणाऱ्याच्या मागे पंखा कुरकुरत असेल तर मला आधी पंखा ऐकू येतो. अशा माणसाने स्वस्तातलं वाद्य घेऊ नये, हे आता कळतंय.

पहिल्याच संध्याकाळी मधल्या ओळीवर सारेगम काढायला बसले. दाबून सा, छान. ओढून रे, आणि आतून कुणीतरी कागद लावलेल्या कंगव्यातून फुंकल्यासारखं भण्ण. ताईला फोनवर ऐकवलं. ती म्हणाली, "अगं, पेटीत गांधीलमाशी शिरलीय का? आधी खिडकी उघड."

दुसऱ्या दिवशी दुकानाला फोन. उत्तर ठरलेलं असावं, कारण माझं वाक्य संपायच्या आतच आलं: "मॅडम, वाद्य नवीन आहे ना, वाजवत राहा, आपोआप सुटेल."

या एका वाक्याबद्दल मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण ते निम्मं खरं आहे आणि म्हणूनच घातक आहे. नव्या कॉन्सर्टिनात काही आवाज खरोखरच वाजवून सुटतात. बहुतेक जिभांच्या मागच्या बाजूला एक छोटी झडप असते, चामड्याची किंवा प्लॅस्टिकची. भाता उलट्या दिशेने चालू लागला की ती मिटते आणि हवा वाया जात नाही. नवी झडप ताठ असते, प्रवासात थोडी वाकलेली असते, मग ती उशिरा मिटते आणि 'फट्' असा छोटा आवाज येतो. माझ्याकडे अशा पाच-सहा फटफटणाऱ्या होत्या. तीन आठवड्यांत एक सोडून सगळ्या शहाण्या झाल्या. भात्याच्या घड्याही सुरुवातीला कडक असतात, त्या सैल होतात. पण जीभ भणभणत असेल तर ती वाजवून सुटत नाही. तिथे काहीतरी अडकलेलं असतं, सुटलेलं असतं नाहीतर वाकलेलं असतं. महिनाभर 'वाजवत राहा' केलं की एकच गोष्ट नक्की सुटते, ती म्हणजे वस्तू परत करायची मुदत.

म्हणून मी फोन ठेवला आणि वही काढली. ३० चौकोन आखले, प्रत्येकाचे दोन भाग केले, दाबताना आणि ओढताना. मग एकेक बटण, तीनच गोष्टी ऐकायच्या: स्वर लगेच लागतो का, स्वच्छ लागतो का, सोडल्यावर लगेच थांबतो का. अर्धा तास लागला. साठांपैकी एक्कावन्न स्वच्छ निघाले. हे काम खरं तर माल खोक्यात भरण्यापूर्वी कुणीतरी करायला हवं होतं, आणि ज्याला सवय आहे त्याला पाच मिनिटं पुरली असती.

आता ती भणभण. डाव्या हाताच्या मधल्या ओळीतलं बरोब्बर मधलं बटण. दाबलं की सी, म्हणजे पेटीच्या भाषेत पांढरी एक, निर्मळ. ओढलं की डी, पांढरी दोन, भण्ण. बटण तेच, त्याखालची तरफ तीच, भोक झाकणारं पॅडही तेच. यातलं काही बिघडलं असतं तर दाबतानाही कुरबुर झाली असती. म्हणजे ओढतानाच्या जिभेवरच संशय. तरी खात्री हवी होती, कारण कधीकधी जीभ ठीक असते आणि त्या विशिष्ट स्वराला वाद्यावरचा एखादा सुटा भाग थरथरतो. तोच डी तळव्याजवळच्या जी ओळीत, करंगळीकडून दुसऱ्या बटणावर, भाता दाबून मिळतो. तो वाजवला. स्वच्छ. स्वर तोच असून तिथे भणभण नाही, म्हणजे थरथरणारा भाग वगैरे काही नाही. गुन्हेगार एकटी ती जीभ.

दुसरा आवाज वेगळ्या जातीचा होता. खुळखुळ. पांढरी सहा ओढून वाजवली की कुठेतरी छोटं नाणं नाचल्यासारखं. ही पांढरी सहा माझ्या डाव्या हाताला दोन ठिकाणी आहे, मधल्या ओळीत तर्जनीकडच्या शेवटच्या बटणावर आणि जी ओळीत मधल्या बटणावर, दोन्हीकडे ओढूनच. दोन्हीकडे खुळखुळ. दोन निरनिराळ्या जिभा एकाच वेळी सारख्याच बिघडणं अवघड, तेव्हा इथे निकाल उलटा: जिभा निर्दोष, आणि या स्वराच्या ४४० हर्ट्झ कंपनांना दाद देणारं काहीतरी ढिलं आहे. आधी खोली बदलून पाहिली. हे हसण्यावारी नेऊ नका. पांढरी पाचला जो किणकिणाट होत होता तो माझ्या टेबलावरच्या दिव्याच्या टोपीचा निघाला, आणि त्यासाठी मी वहीत कॉन्सर्टिनाच्या नावाने दोन फुल्या मारून बसले होते. खुळखुळ मात्र दुसऱ्या खोलीतही सोबत आली.

खोलायचं ठरवलं तर एका स्क्रूवर चिकटपट्टी: काढल्यास हमी रद्द. मी दुकानाला लेखी विचारलं. चौथ्या दिवशी उत्तर आलं की 'काळजीपूर्वक' उघडलं तर चालेल. लेखी घ्याच, फोनवरचं 'हो हो उघडा' पुढे कुणाला आठवत नाही.

मग रविवारी दुपारी टेबलावर टॉवेल पसरला. डाव्या बाजूला सहा स्क्रू. एकदम एक पूर्ण काढायचा नाही, समोरासमोरचे थोडे थोडे ढिले करत जायचं, आणि प्रत्येक स्क्रू परत त्याच्याच भोकात. मी पुठ्ठ्यावर षटकोन काढून त्याच जागी ते टोचून ठेवले. चांगल्या कॉन्सर्टिनात लांब बोल्ट धातूच्या आट्यांत बसतात. इथे साधे स्क्रू थेट लाकडात घुसवलेले आहेत. चार-सहा वेळा काढले-घातले की भोकं सैल होणार, हे दिसतंच. अर्धा तारा इथे गेला.

वरचा भाग अलगद उचलला. आत सपाट फळीवर मेणाने चिकटवलेल्या धातूच्या पट्ट्या, अकॉर्डियनमध्ये असतात तशा, एका पट्टीवर दोन जिभा, एक या अंगाला, एक त्या. जुन्या पद्धतीच्या कॉन्सर्टिनात प्रत्येक जिभेची स्वतंत्र पितळी चौकट असते आणि ती लाकडातल्या खाचेत सरकवून बसवलेली असते. हवा कोरडी झाली की लाकूड आकसतं, खाच सैल होते आणि चौकट भणभणते. अंगठ्याने पुढे रेटली की पुष्कळदा गप्प होते. माझ्या कॉन्सर्टिनात तो उपाय नाही, तसाच तो आजारही नाही. इथे भीती मेणाला तडा जायची. प्रत्येक पट्टी टाचणीच्या डोक्याने हळूच दाबून पाहिली, कुठलीच हलली नाही.

नेमकी जीभ शोधायची कशी? उचललेल्या भागावरचं तेच बटण दाबलं, कुठलं पॅड उठतं ते पाहिलं, त्याच्या भोकाची जागा फळीवर जुळवली आणि शेजारी पेन्सिलने टिंब केलं. नशिबाने ओढतानाची जीभ वरच्याच अंगाला असते. टॉर्च तिरका धरला तेव्हा दिसली: जीभ आणि तिची खाच यांच्यामध्ये लाकडाचा एक काटा, पापणीच्या केसाएवढा, टोकाजवळ अडकलेला. जिभेच्या दोन्ही बाजूंची मोकळी फट केसाच्या जाडीहूनही अरुंद असते, तिथे एवढासा काटाही पुरतो. कारखान्यात भोक पाडताना उडालेला असावा, लाकूड त्याच रंगाचं होतं.

इथे घाई केली की वाद्य गेलं. चिमट्याने ओढायचा मोह होतो, पण जीभ वर उचलली की वाकते, आणि वाकली की स्वर उशिरा लागतो किंवा लागतच नाही. मी पातळ कागदाची अरुंद पट्टी जिभेखाली मोकळ्या टोकाकडून सरकवली आणि सरळ टोकाच्याच दिशेने बाहेर काढली. दोनदा काही नाही. तिसऱ्यांदा काटा कागदाला चिकटून आला. झाकण न लावताच नखाच्या टोकाने जीभ एकदा हलकेच छेडली, टिंग. सगळं परत बसवून भाता ओढला आणि पांढरी दोन अशी लागली की मी ती उगाचच दहा-बारा वेळा वाजवली. त्याच पद्धतीने आणखी दोन जिभा साफ झाल्या, तिथे नुसता कापसाचा तंतू होता.

खुळखुळीसाठी मात्र आतलं सगळं धुंडाळून झालं, तरफा एकमेकींना लागतात का पाहिलं, स्प्रिंगा तपासल्या. काही नाही. बंद केलं तर खुळखुळ तशीच. शेवटी कंटाळून तळहात बाजूवर टेकवून बसले होते, तर आवाज बंद. बोट फिरवत गेले. हातपट्ट्याच्या स्क्रूखालची चकती! बाहेरच, डोळ्यांसमोर, अर्धा आटा ढिली. स्क्रूड्रायव्हर लावला, दोन सेकंद. हे आधी बाहेरून तपासायचं असतं, हे मी तुम्हाला सांगतेय, मला कुणी सांगितलं नव्हतं.

राहिले दोन आवाज, जे आता माझ्या संसाराचा भाग आहेत. एक, बटणांची खटखट. चांगल्या वाद्यात बटणांच्या भोकांना आतून नमद्याचं अस्तर असतं, इथे प्लॅस्टिक थेट लाकडावर आपटतं. वाजवणाऱ्याला आठवड्यात ऐकू येईनासं होतं, ध्वनिमुद्रणात मात्र टंकलेखन यंत्रावर कुणी गाणं टाइप करतंय असं वाटतं. दोन, करंगळीखालचा सगळ्यात खालचा सी. तो उशिरा लागतो आणि भाता जोरात दाबला की घरघरतो, शिवाय थोडा उतरतो. जोर वाढला की असल्या जिभांचा स्वर उतरतोच, मोठ्या जिभेचा जास्त. हळू वाजवला तर बरा वागतो.

तक्रारीच फार झाल्या, म्हणून चांगलंही लिहिते. स्वरमेळ खरोखर उत्तम आहे, दोन ओळींतला तोच स्वर एकामागोमाग वाजवला तर फरक कळत नाही. भात्याची बांधणीही अपेक्षेपेक्षा घट्ट. एका बाजूच्या पट्ट्याला धरून, एकही बटण न दाबता, कॉन्सर्टिना लोंबकळत सोडली तर मी सावकाश वीस मोजेपर्यंत भाता पुरता उघडत नाही. हवा गळकी असती तर तो भसकन उघडला असता.

जाता जाता एक गंमत. कॉन्सर्टिनाची इंग्लिश जात चार्ल्स व्हीटस्टन यांची, मुळाचं पेटंट १८२९ चं. शाळेत विजेच्या धड्यात ज्यांच्या नावाच्या 'ब्रिज'ने आपल्याला छळलं तेच हे गृहस्थ. पण दाबताना एक नि ओढताना दुसरा स्वर ही जी माझ्या हातातली पद्धत आहे ती जर्मनीतल्या केमनित्झच्या कार्ल फ्रीडरिश उहलिग यांची, १८३४ च्या सुमाराची. एकाच बटणावर दोन स्वर ठेवल्याबद्दल सुरुवातीचे पंधरा दिवस मी त्यांच्या नावाने बोटं मोडली. आता वाटतं, तेवढ्यामुळेच तर चोर सापडला.

घ्यावी का? हातात चिमटा धरायला घाबरत नसाल तर घ्या. नाहीतर अशा ठिकाणाहून घ्या जिथे पाठवण्यापूर्वी प्रत्येक बटण दोन्ही दिशांनी वाजवून पाहतात, आणि तसं ते पाहतात का, हे थेट विचारा.

दुकानाच्या वागण्याबद्दल शेवटचं. मी सगळं लिहून कळवल्यावर त्यांनी दिलगिरी व्यक्त केली आणि 'बाजूचे स्क्रू सैल झाले तर असू द्यात' म्हणून सहा नवे स्क्रू मोफत पाठवले. त्यातला एकही बसत नाही.