कराटे, ज्युडो, आयकिडो की 'तिन्ही एकत्र'? पोरांना नेमकं कुठे घालायचं

माझी लेक सात वर्षांची असताना पहिल्यांदा क्लासला गेली, आता दहाची आहे. परवा म्हापशाहून भावजयीचा फोन, धाकट्याला काय लावू, इथे एकाच ठिकाणी तिन्ही शिकवतात म्हणे. तिला जे सांगितलं तेच इथे टाकतोय.

कराटेचं बरं असं की ते कुठेही होतं. शाळेचा हॉल, देवळाचा सभामंडप, टायल्स असल्या तरी चालतं, म्हणून आपल्याकडे गावोगावी तेच दिसतं. आणि ते मुलांसाठी जमवलेलंही आहे, ओकिनावातल्या इतोसू अंकोंनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शाळेत कराटे नेलं तेव्हा पोरांसाठी सोपे पिनान काता (म्हणजे ठरलेल्या हालचालींचे क्रम) बसवले, तेच शोतोकान शैलीवाले हेयान म्हणून शिकवतात. तीस-चाळीस पोरं रांगेत उभी करून शिकवता येतं ते त्यामुळेच. तोटा हा की सर ढिले असतील तर वर्षभर नुसती हवेत बुक्की.

ज्युडो मला लहानांसाठी जास्त आवडतं, कारण सुरुवात उकेमीने होते, म्हणजे पडायचं कसं. हनुवटी छातीला, पाठ गोल, हात मॅटवर सपकन. गेल्या पावसात आमच्या चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरलेलं, लेक सटकली ती सरळ मागे, मी दारातच उभा, हात आपटल्याचा आवाज आला आणि डोकं वरच राहिलं. कोपर सोलवटलं तेवढंच. पण ज्युडोला मॅट पाहिजेच, फरशीवर सतरंजी टाकून कोणी पोरं फेकत असेल तर तिथून उठून या. स्पर्धेची घाईही नको, खुद्द जपानच्या ज्युडो फेडरेशनने प्राथमिकच्या मुलांची राष्ट्रीय वैयक्तिक स्पर्धा २०२२ मध्ये बंद केली, जिंकण्याच्या नादात मोठी माणसं फार ताणायला लागली म्हणून. आणि हो, ज्युडोचा गी, म्हणजे सरावाचा पोशाख, गोधडीसारखा जाड, जुलैत दोन-दोन दिवस पंख्याखाली ठेवला तरी कुबट वास जात नाही. कराटेचा रात्रीत सुकतो.

आयकिडोत बहुतेक ठिकाणी स्पर्धा नसते, गोलांट्या छान शिकवतात, पण मनगटाच्या पकडी जोडीदाराला सांभाळून करायच्या असतात, तेवढा धीर सात-आठ वर्षांच्या पोरात कुठून येणार. बारा-तेराला बघा. केंडोचं, म्हणजे बांबूच्या तलवारीच्या खेळाचं, सामान महाग आणि पोर दर वर्षी वाढतंय, सोडा.

आता तिन्ही एकत्र. आम्ही तेच केलेलं, म्हणून चीड आहे. तासाला तीन तुकडे, सहा महिन्यांत दोन बेल्ट, दर बेल्टला परीक्षा फी वेगळी, आणि तेव्हा पोरीला साधं मागे पडता येईना. कराटेत लांब राहून खाली बसकं उभं राहायचं, ज्युडोत अंगाला भिडून गीची कॉलर धरायची, सात वर्षांच्या शरीराला दोन्ही सवयी एकदम कशा लागणार? तिन्हीत खरी ग्रेड असलेले सर असतीलही, पण मी तरी आधी प्रत्येकातली ग्रेड कुठून घेतली ते विचारीन.

एक पक्कं झालं की दुसरं जोडायला माझी ना नाही. कराटेची वादो-र्यू शैली काढणारे ओत्सुका लहानपणापासून जुजुत्सूत मुरलेले, मग फुनाकोशींकडे कराटे शिकले. ज्युडो १८८२ मध्ये सुरू करणाऱ्या कानोंनी म्हातारपणी आपले चांगले शिष्य आयकिडोचे जनक उएशिबांकडे आयकिडोचं मूळ शिकायला धाडले. पण ती आधीच तयार झालेली माणसं.

भावजयीच्या घरापासून मॅटवाला हॉल पाऊण तास लांब, रोजची ने-आण कोण करणार, म्हणून धाकटा सध्या देवळाच्या सभामंडपात कराटेला जातोय. रविवारी आमच्याकडे येतो तेव्हा हॉलमध्ये दोन गाद्या टाकून लेक त्याला पडायला शिकवते, आणि चुकला की माझ्यापेक्षा जास्त ओरडते.