घरची द्राक्षवेल कुठे लावावी: भिंत, मांडव की गच्ची?

नाशिक-पुण्याकडे बंगल्यात द्राक्षवेल लावायची म्हटली की तीन जागा पुढे येतात: कंपाउंडची भिंत, अंगणातला मांडव आणि गच्चीवरचा ड्रम. पूर्व-दक्षिणेला मोकळं अंगण असेल तर मी डोळे झाकून मांडव सांगेन.

सगळा खेळ उन्हाचा आहे. आपल्याकडे वेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर (जुन्या काड्या अगदी आखूड कापतात ती) नव्या काडीच्या डोळ्यांत, म्हणजे कळ्यांत, पुढचे घड तयार होतात. तेव्हा काडीला ऊन मिळालं नाही, तर ऑक्टोबर छाटणीनंतर नुसता पाला फुटतो. मणी भरताना, थंडीत, पुन्हा ऊन हवंच. घराची उत्तर बाजू इथेच फसवते. मे महिन्यात सूर्य डोक्यावर, तिथे लख्ख ऊन. डिसेंबरात तो दक्षिणेला कलला की तीच जागा दिवसभर सावलीत. म्हणून जागा हेरायची ती डिसेंबरात.

भिंतच वापरायची तर पूर्वेकडे तोंड असलेली. सकाळच्या उन्हानं पानांवरचं दव लवकर सुकतं, डाऊनी या बुरशीच्या रोगाला वाव कमी मिळतो. पश्चिमेकडे तोंड असलेली भिंत उन्हाळ्यात संध्याकाळनंतरही धग सोडत राहते, कोवळी फूट होरपळते. शिवाय भिंतीलगत बहुतेकदा माती नसतेच, बांधकामाचा राडारोडा असतो. त्यातल्या चुना-सिमेंटमुळे पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. भिंतीपासून दोन फूट सोडून खड्डा घ्या, राडा पूर्ण काढून चांगली माती भरा. काळी भारी जमीन असेल तर मुरूम-शेणखत घालून उंचवटा करा. पाणी साचलेलं वेलीला सोसत नाही. बोअरचं पाणी खारट असेल तर डॉगरिज खुंटावरचं (खारं पाणी सोसणाऱ्या वेलीच्या मुळांवर बांधलेलं) कलम घ्या.

गच्चीवर ऊन भरपूर, पण ड्रम मे महिन्यात रोज पाणी मागतो. भाड्याचं घर असेल तर ठीक. स्वतःचं असेल तर मूळ खाली जमिनीत ठेवा, एकच खोड सरळ वर चढवा आणि ओलांडे (खोडाच्या आडव्या मुख्य फांद्या) गच्चीवरच्या तारांवर पसरा. फळ उशिरा धरेल, पण वेल टिकेल.

मांडवाखाली हवा खेळते, घड मोकळे लोंबतात, पाखरांपासून वाचवायला पिशव्या बांधणंही सोपं जातं. फक्त तो गाडीवर किंवा स्वयंपाकघराच्या खिडकीशी नको. पावसाळ्यात मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण फवारावं लागतं, त्याचे निळसर डाग पडतात आणि फवारा घरात येतो.